क्षमा आणि चिठ्ठी

अमेरिकेंत मोठ्या गुन्ह्यास 'फेलनी' म्हणतात. हा शिक्का एकदां बसला कीं शिक्षा भोगून झाल्यावरही पुष्कळ ठिकाणीं कांहीं धंद्यांचे परवाने, ज्युरींत बसण्याचा हक्क, क्वचित् मतदानाचाही हक्क मनुष्य गमावून बसतो. मध्यवर्ती सरकारच्या कायद्याखालीं शिक्षा झालेल्यास राष्ट्राध्यक्षांकडे क्षमेचा अर्ज करतां येतो. परंतु सुटकेनंतर निदान ५ वर्षें थांबावें असा सामान्य नियम आहे, आणि अर्जदाराच्या शीलाविषयीं नात्याबाहेरच्या माणसांची ग्वाही लागते. म्हणजे क्षमा हवी तर आधीं सरळ चालून दाखवावें. आणि सरळ चालावयास जी नोकरी, जें बिऱ्हाड, जी पत लागते, ती क्षमेवांचून मिळावयाची मारामार! वेड गेल्याखेरीज लग्न होत नाहीं आणि लग्नाखेरीज वेड जात नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

१९१५ सालच्या बर्डिक खटल्यांत तेथील सुप्रीम कोर्टानें असें म्हटलें कीं, क्षमा स्वीकारणें ही अपराधाची कबुली होय. म्हणून ती नाकारण्यासही मनुष्य मोकळा आहे. यांत सत्यांश आहे खरा. पण निरपराध असून ज्यास शिक्षा झाली, त्यानें सुटण्यासाठीं खोटी कबुली द्यावी काय? याचें उत्तर आम्हांस सांपडलेलें नाहीं.

इतक्या दूरच्या कायद्याचा विचार करण्यास आमचें कारण घरचेंच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एक जुना विद्यार्थी दारीं आला. एका पतपेढींत अफरातफर करून तो शिक्षा भोगून आला होता. आम्हीं त्यास बसविलें, चहा दिला, मुलांची चौकशी केली. एका छापखान्यांत मुद्रितें तपासण्याचें काम मिळण्याजोगें होतें. त्यासाठीं आमच्या दोन ओळींची चिठ्ठी त्यास हवी होती. "थोडे दिवस जाऊं दे, मग पाहूं," असें आम्ही म्हणालों, आणि आपण विवेकानें वागलों अशी मनाची समजूत घातली. तेव्हां ठाऊक नसलेला तो ५ वर्षांचा नियम आम्हीं आपल्या बैठकींत बसून लागू केला होता.

ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांच्या वतीनें क्षमा करणारे आम्ही कोण, असें कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. मात्र त्यानें आमच्याकडे क्षमा मागितलीच नव्हती. काम मागितलें होतें. आम्हीं उत्तर दिलें तें न मागितलेल्या क्षमेस.

१९३९ सालीं औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश गृहस्थाची ती कल्पना, आणि पंतप्रतिनिधींनीं तीस आश्रय दिला. कोंडून ठेवणाऱ्या भिंतीवांचून, बायकामुलांसह राहून कैद्यांनीं शेती करावयाची. शिक्षा माफ झालेली नसते. विश्वास मात्र आधींच टाकलेला असतो. 'दो आंखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट ज्यावरून सुचला, तो हाच प्रयोग. तो चित्रपट आम्हीं वर्गांत किती वेळां वाखाणला असेल!

छापखान्यांत पुढें दुसरा कोणी लागला. आमचा विद्यार्थी पुन्हां आला नाहीं. त्यानें दिलेला पत्ता आमच्या वहींत अजून आहे.