कर्ज माफ झाले, पण ते भरले कोणी?



दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात आम्ही एक प्रश्नपेटी ठेवतो. नाव न लिहिता कोणीही चिठ्ठी टाकावी, असा नियम आहे. या वेळच्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी अशी निघाली : ‘देव प्रेमळ आहे असे तुम्ही सांगता. मग त्याने आमची पापे तशीच माफ का केली नाहीत? येशूला मरावे का लागले? मी चुकलो तर माझे आईवडील मला माफ करतात, त्यासाठी कोणाला मरावे लागत नाही.’ आणि खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ : ‘मी दोन वर्षे पापनिवेदनाला गेलेलो नाही. फादर मला आवाजावरून ओळखतील.’

ही चिठ्ठी वाचून आम्हांला आनंद झाला. वरचा प्रश्न खरा आहे आणि खालची ओळ त्याहूनही खरी आहे. दोहोंचे उत्तर एकच आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम पापाविषयी. पाप म्हणजे देवाच्या वहीतली लाल शाईची खूण, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. जुन्या करारात पापासाठी जो हिब्रू शब्द वारंवार येतो, त्याचा मूळ अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. ज्या प्रेमासाठी आपण निर्माण झालो ते सोडून आपण भलतीकडे जातो आणि त्यात कोणाला तरी जखम होते. समजा, वर्गातल्या एका मुलीचा फोटो कोणीतरी वाईट हेतूने मोबाईलवर पाठवला आणि आपण तो पुढे चार जणांना पाठवला. ‘मी फक्त फॉरवर्ड केला,’ असे आपण म्हणतो. पण त्या मुलीने वर्गात येणे सोडले, तिच्या आईने रात्री रडून काढल्या, त्याचे काय? आपण बटण दाबले एक क्षण. किंमत मात्र दुसरे कोणीतरी कित्येक महिने भरत राहते.

प्रत्येक चूक म्हणजे महापाप नव्हे, हेही लक्षात ठेवा. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. महापाप होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कृत्य गंभीर असले पाहिजे, ते गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असली पाहिजे आणि ते आपण स्वतःच्या इच्छेने केलेले असले पाहिजे. म्हणून क्षुल्लक गोष्टींनी घाबरून जाऊ नका आणि गंभीर गोष्टी हसण्यावारी नेऊ नका.

आता क्षमेकडे येऊ. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात येशूने एका चाकराचा दाखला सांगितला आहे. तो राजाला दहा हजार तालांत देणे लागत होता. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब करा : ६ कोटी दिवसांची मजुरी! हजार जन्म घेतले तरी हे देणे फिटणारे नव्हते. राजाला त्याची दया आली आणि त्याने सारे कर्ज सोडून दिले.

इथे थोडे थांबा. ते पैसे कुठे गेले? कर्ज माफ झाले म्हणजे ते हवेत विरून गेले नाही. चाकराच्या डोक्यावरचा भार राजाच्या तिजोरीवर पडला. तोटा झालाच, तो राजाने स्वतःच्या अंगावर घेतला.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्रा, तुझे आईवडील तुला ‘तसेच’ माफ करतात, असे तुला वाटते. समजा, तू शेजाऱ्यांची मोटारसायकल मागून नेलीस आणि ती कुठेतरी आदळलीस. बाबा म्हणाले, ‘जाऊ दे, तुला लागले नाही ना?’ तुझ्यासाठी विषय संपला. पण शेजाऱ्यांच्या गाडीचे बिल कोणी भरले? बाबांनी पतपेढीतून उचल घेतली आणि त्या वर्षी स्वतःसाठी नवे कपडे घेतले नाहीत. त्यांनी तुला ते सांगितले नाही, म्हणून तुला क्षमा फुकट वाटली. घेणाऱ्याला क्षमा फुकट मिळते, पण देणाऱ्याला ती कधीच फुकट पडत नाही.

हे इस्राएली लोकांना चांगले ठाऊक होते. लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आला आहे. त्या दिवशी दोन बकरे आणत. एकाचे बलिदान होई. दुसऱ्याच्या डोक्यावर प्रमुख याजक हात ठेवून लोकांची पापे कबूल करी आणि मग त्याला रानात सोडून देत. पाप नुसत्या शब्दांनी पुसले जात नाही, ते कोणीतरी वाहून न्यावे लागते, हे त्या विधीतून लहान मुलालाही समजे. पण बिचाऱ्या बकऱ्याला कोणी विचारले नव्हते. म्हणून तो विधी दरवर्षी पुन्हा करावा लागे.

प्रभू येशूने मात्र स्वतःहून आपला जीव दिला. शिपाई त्याला पकडायला येण्याआधीच, शेवटच्या भोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षारस यांच्या रूपाने त्याने स्वतःला आपल्या शिष्यांच्या हाती सोपवले होते. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पिता रागावला होता, त्याला कोणाचे तरी रक्त हवे होते आणि पुत्र मध्ये पडला, असे आपण मानत नाही. पिता आणि पुत्र एकच देव आहेत. क्रूसावर देवाने दुसऱ्या कोणाकडून वसुली केली नाही. दाखल्यातल्या राजाप्रमाणे देवाने तोटा स्वतःच्या अंगावर घेतला. प्रत्येक पवित्र मिस्सामध्ये येशूला पुन्हा मारले जात नाही. तेच एकमेव बलिदान वेदीवर आपल्यासमोर उपस्थित होते. रविवारी मागच्या बाकावर बसून घड्याळ पाहताना आपण नेमके काय पाहत असतो, याचा एकदा विचार करा.

हे सारे पुस्तकातले आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच देशातली एक गोष्ट सांगतो. धर्मभगिनी राणी मारिया या मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात त्या गरीब आदिवासींमध्ये काम करीत आणि सावकारांच्या पाशातून सुटायला त्यांना मदत करीत. हे ज्यांना खुपत होते, त्यांनी समंदर सिंग नावाच्या तरुणाला चिथावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये सर्वांच्या देखत त्याने सिस्टरांना भोसकले. त्यांच्या अंगावर पन्नासहून अधिक वार झाले. समंदर सिंगला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारिया यांच्या सख्ख्या बहीण, धर्मभगिनी सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधून भाऊ मानले. त्यांच्या आईनेही त्याला क्षमा केली. २००६ साली तो सुटला आणि त्या घराचा मुलगा होऊन राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

ती राखी काही रुपयांची असेल. पण ती बांधणाऱ्या हातांना काय किंमत पडली असेल? बहीण तर परत आली नाही. तोटा त्या घराचाच राहिला. त्यांनी तो दुसऱ्याकडून वसूल केला नाही, इतकेच. क्रूसाचा अर्थ ज्याला समजत नाही, त्याने त्या राखीकडे पाहावे.

याच गोष्टीत आणखी एक धडा आहे. क्षमा झाली तरी समंदर सिंगने अकरा वर्षे तुरुंगात काढली. क्षमा म्हणजे गुन्हा झाकणे नव्हे. तुमच्यावर कोणी अत्याचार करीत असेल, तर ‘ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी’ म्हणून गप्प बसू नका. आईवडिलांना, शिक्षकांना किंवा विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. तसेच पापनिवेदन झाले म्हणजे भरपाई संपली, असेही नाही. चोरलेले परत केले पाहिजे, आणि ज्याची बदनामी केली त्याचे नाव शक्य तितके स्वच्छ केले पाहिजे. जक्कयने येशूला घरी घेतले तेव्हा फसवणुकीचे पैसे चौपट परत करण्याचे वचन दिले. ज्याला क्षमेची किंमत कळली, तोच असे वागतो.

आता त्या खालच्या ओळीचे उत्तर. मित्रा, फादर तुला ओळखतीलही. पण पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट कोणत्याही कारणासाठी कोणालाही सांगण्याची धर्मगुरूंना परवानगी नाही. ती फोडणाऱ्या धर्मगुरूला ख्रिस्तसभेची सर्वांत कठोर शिक्षा आहे. तरीही संकोच वाटत असेल तर शेजारच्या धर्मग्रामात जा. त्यात काही वावगे नाही. आणि एक गोष्ट आमच्या अनुभवाची सांगतो : दोन वर्षांनी आलेल्या मुलाचे पाप आमच्या लक्षात राहत नाही. तो आला, एवढेच लक्षात राहते. आम्हीही दुसऱ्या धर्मगुरूंसमोर गुडघे टेकतोच.

दाखल्याचा शेवट तुम्हांला माहीत आहे. कोट्यवधींचे कर्ज सुटलेला तो चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरू लागला. आपल्या घरांतही असे शंभर दिनार असतात. बांधावरून काकांशी बोलणे बंद, लग्नात मान दिला नाही म्हणून आत्याकडे जाणे बंद. मोठ्यांची ही भांडणे तुम्ही मुलांनी वारसा म्हणून घेऊ नका. चुलत भावाला आज फोन करा. पहिला फोन करणाऱ्याला थोडा तोटा सोसावा लागतो, हे खरे. पण आपल्यासाठी त्याहून कितीतरी मोठा तोटा आधीच सोसला गेला आहे.

येत्या शनिवारी सायंकाळच्या मिस्सापूर्वी आम्ही पापनिवेदनासाठी बसणार आहोत. चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्रा, आम्ही वाट पाहतो. आमच्याही आधीपासून तो पिता वाट पाहत उभा आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमचे देणे तू फेडलेस. ते कबूल करण्याचे धैर्य आम्हांला दे आणि जे आमचे देणे लागतात त्यांना सोडून देण्याइतके मोठे मन दे. आमेन.