चित्रातला वाकडा माणूस

गेल्या वर्षावासात विहारात मी मुलांना चित्रकार सवी सावरकर यांच्या चित्रांची छापील पाने दाखवीत होतो. नागपूरला १९६१ साली जन्मलेल्या या चित्रकाराने पेशवाईतल्या पुण्याचा अस्पृश्य पुन्हा पुन्हा काढला आहे. गळ्यात मडके, जाड काळ्या रेषा, अंग वेडेवाकडे. एक वडीलधारे उपासक उठले. "गुरुजी, धम्म घेतला, माणूस झालो. आता आपल्याच माणसाचं हे विद्रूप ध्यान पोरांपुढं कशाला?"

प्रश्न दुखावलेल्या मनाचा होता. आजवर आपली चित्रे बहुधा दुसऱ्यांनीच काढली. आता घरच्या भिंतीवर तथागत आहेत, सुटाबुटातले बाबासाहेब आहेत. त्यांच्या शेजारी हा वाकडा माणूस मीही लावणार नाही, हे कबूल करतो.

पण लावणे वेगळे, पाहणे वेगळे. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याने थुंकीसाठी गळ्यात मडके बांधावे, आपली पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा, असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात लिहून ठेवले आहे. हा माणूस अजिंठ्याच्या पद्मपाणीसारखा देखणा काढला असता, तर तो दंडकच सुसह्य वाटला असता. मग विद्रूप कोण? माणूस की दंडक?

त्या दिवशी मला इतके नीट सांगता आले नाही. सांगितले ते आमच्या शेजारच्या आजींनी. त्या महात्मा फुले मंडईत पाटी वाहत. (शनिवारवाडा तिथून पायी जाण्याजोगा.) त्यांनी पान हाती घेतले आणि मडक्याकडे न पाहता मानेकडे पाहिले. "ओझं उतरलं तरी मान लगेच सरळ व्हत न्हाई, गुरुजी. काढणाऱ्याला ठावं हाय."

तथागतांनी दुःख सांगितले ते कारणासकट. चित्र पाहून नुसती कीव आली, तर आपण निम्मेच पाहिले. मडके कोणी बांधले, कोणत्या ग्रंथाच्या बळावर बांधले, आणि ते निमूट बघणारे कोण होते, इथवर पाहणाऱ्याने जायला हवे. आपल्याच घरात दुसऱ्या कोणाच्या गळ्यात आपण काही बांधतो का, हेही त्यातच आले, सुनेला विचारावे.

पाचवीच्या खालच्या मुलांना मात्र ही पाने मी अजून दाखवीत नाही. एक मुलगा हसला होता. त्याचे हसू कसे थांबवावे, ते मला उमगलेले नाही.