आहार, परंपरा आणि कर्तव्य

पवनातीरावरील चिंचवड, इंद्रायणीकाठची देहू-आळंदी आणि कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले चाकण हा परिसर मूळचा शेतकऱ्यांचा व वारकऱ्यांचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखानदारी चाकणपर्यंत पसरली आणि जीवन पाळ्यांच्या घड्याळावर चालू लागले. ताटातील भाकरी मागे पडली. रात्रपाळी करून परतणारा कामगार गाडीवरील वडापाव खाऊन झोपी जातो. त्याला दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही. मग आहार ही ज्याची त्याची खाजगी बाब समजावी, की ते कर्तव्यही आहे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. तर तिसऱ्या अध्यायात, जो केवळ स्वतःसाठी अन्न शिजवतो तो पाप भक्षण करतो, असा बोध आहे. म्हणजे अन्न कसे आहे आणि ते कोणासह खाल्ले जाते, या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे.

ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये कोंड्यासह दळली जात असल्याने त्यांतील तंतू टिकून राहतात. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी व हिवाळी भाज्या ही तर आपली जुनीच रीत होय. तिच्या जोडीला काकडीची कोशिंबीर, मोड आलेली मटकी किंवा नुसता कांदा असला तरी ताट पुरे होते.

तथापि, रूढ ते सर्व प्राचीन आणि हितकर, असेही नाही. एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील असून त्यात प्रामुख्याने पिष्टच असते. उपवासाच्या नावाखाली दुप्पट खाल्ले, तर संयमाचा हेतूच हरपतो.

आणखी एक विचार आवश्यक आहे. पहाटे भाकरी थापणारे हात बहुधा घरातील स्त्रीचेच असतात आणि आज तीही नोकरीस जाते. तिच्या श्रमांवर परंपरेचा आग्रह धरणे हा धर्म नव्हे. ज्याला भाकरी हवी, त्याने पीठ मळावे, निदान कोशिंबीर तरी चिरावी.

सप्ताहाच्या समाप्तीस होणारा काला हेच शिकवतो. पोहे, लाह्या, दही हे साधे पदार्थ, परंतु तेथे सर्वांचे एकत्र होते आणि सर्वांना सारखे मिळते. कारखान्यातील जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यापुढे डबा सरकवणारा कामगारही नकळत तोच काला करीत असतो.

यास्तव भाविकांनी येथून जाताना एवढाच संकल्प करावा: दिवसातून एक जेवण अखंड धान्याचे असावे, त्याचे श्रम घरातील सर्वांनी वाटून घ्यावेत आणि त्यातील एक घास दुसऱ्यासाठी राखावा. श्रींच्या चरणी अर्पण करण्यास याहून मोठा नैवेद्य तो कोणता?