न खेळलेल्या सामन्यांचे फळ

आरंभलेले कर्म मध्येच खंडित झाले, तर त्याचे फळ मिळते का, आणि मिळत असेल तर कोणाला, हा प्रश्न पूर्वमीमांसेने यज्ञाच्या संदर्भात जितक्या बारकाईने हाताळला आहे तितक्या बारकाईने तो क्वचितच दुसरीकडे हाताळला गेला असेल. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीने जगभरातील बहुतेक फुटबॉल लीग जवळजवळ एकाच आठवड्यात थांबल्या, तेव्हा त्यांच्या चालकांसमोर हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहिला. फरक इतकाच की त्यांच्या हाताशी मीमांसेचा सूत्रकार जैमिनी नव्हता, वकील होते.

लीग या स्पर्धाप्रकाराचे स्वरूप आधी स्पष्ट केले पाहिजे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक सामना स्वतःपुरता निकाल देऊन संपतो, तर लीगमध्ये प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी सहसा घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळतो, आणि हे सगळे सामने मिळूनच एक निकाल तयार होतो. ‘सर्वोत्तम संघ’ अशी काही वस्तू लीगच्या आधी कुठे दडलेली नसते, की जी सामन्यांनी फक्त उघड करावी. सामने पूर्ण होण्यातूनच ती निर्माण होते. जॉन रॉल्स यांनी 1971 च्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात ज्याला शुद्ध प्रक्रियात्मक न्याय म्हटले, म्हणजे ज्यात निकाल न्याय्य ठरवण्याचा बाहेरचा निकष नसतो व न्याय्य प्रक्रिया पार पडली एवढाच निकष असतो, त्याचे लीग हे चांगले उदाहरण आहे. रॉल्स यांनी तिथे एक अट घातली आहे: प्रक्रिया प्रत्यक्ष पार पडली पाहिजे, ती पार पडली असती तर अमुक निकाल लागू शकला असता, एवढ्याने तो निकाल न्याय्य होत नाही. 2020 मधील बहुतेक तंटे या एका अटीवर येऊन अडकले.

स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीतील पार्टिक थिसल या क्लबचे प्रकरण या दृष्टीने जवळून पाहण्यासारखे आहे. खेळ थांबला तेव्हा थिसलचे 27 सामन्यांत 26 गुण होते आणि त्याच्या लगेच वर असलेल्या क्वीन ऑफ द साउथचे 28 सामन्यांत 28. म्हणजे थिसल दोन गुणांनी मागे, पण हाती एक सामना जास्त. विजयाला तीन गुण असल्याने तो एक सामना जिंकला असता तर थिसल पुढे गेला असता. चालकांनी उरलेले सामने रद्द करून प्रत्येक संघाचे गुण त्याने खेळलेल्या सामन्यांनी भागले. एकाची सरासरी 1 आली, दुसऱ्याची 0.96 च्या आसपास, आणि या दशांशापलीकडच्या फरकाने थिसलला तिसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. पहिल्या श्रेणीत तळाशी असलेल्या हार्ट्सला तर आठ सामने, म्हणजे 24 गुण, शिल्लक असताना आणि वरच्या संघापासून केवळ चार गुणांचे अंतर असताना पदावनती मिळाली. दोन्ही क्लब न्यायालयात गेले, तिथून प्रकरण लवादाकडे गेले, आणि जुलैमध्ये निर्णय त्यांच्या विरोधात लागला.

थिसलच्या त्या अठ्ठाविसाव्या सामन्याचे अस्तित्व नेमके कोणत्या प्रकारचे होते? वैशेषिकांनी अभावाचे जे चार प्रकार मानले त्यांत प्रागभाव, म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव, हा अनादी पण सांत असतो; कुंभाराच्या चाकावर घट तयार झाला की त्या घटाचा प्रागभाव संपतो, आणि मातीकडे पाहून ‘इथे घट होईल’ असे आपण म्हणतो ते या प्रागभावाच्या आधारावर. वेळापत्रकात छापलेला सामना असाच प्रागभावाच्या रूपाने उपस्थित असतो, आणि लोक त्याची तिकिटे काढतात, त्यासाठी रजा टाकतात. परंतु जो सामना कधीच झाला नाही त्याच्या अभावाला अंत नाही, आणि ज्याला अंत नाही त्याला प्रागभाव म्हणता येत नाही. म्हणजे 12 मार्चला जे ‘होणार आहे’ होते ते पुढे ‘होणारच नव्हते’ ठरले, तेही मागल्या तारखेपासून. सरासरीचे गणित या अडचणीवर चतुराईने उडी मारते: न झालेले सामने झालेल्या सामन्यांसारखेच झाले असते असे धरून ते अभावाला भावाचे मूल्य देते. गणिती म्हणून ते चूक नाही. पण त्यावरून कोणाला शिक्षा देणे म्हणजे घट न घडताच तो फुटल्याचा दंड वसूल करण्यासारखे आहे.

नेदरलँड्सने उलट टोक गाठले. तेथे अव्वल श्रेणीत आयाक्स आणि एझेड अल्कमार हे दोन्ही संघ 56 गुणांवर बरोबरीत होते. 24 एप्रिल रोजी हंगाम रद्द झाला, कोणी विजेता नाही, कोणाला बढती नाही, कोणाची घसरण नाही. दुसऱ्या श्रेणीत अव्वल असलेल्या कांबूरची बढती त्यात गेली आणि न्यायालयानेही क्लबची बाजू घेतली नाही. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच इंग्लंडने हंगाम असाच पुसून टाकला होता, पण तेव्हा जेमतेम तीन फेऱ्या झाल्या होत्या. तीन-चतुर्थांश झालेले कर्म न झाल्यासारखे धरणे ही वेगळी गोष्ट आहे. भावाला अभाव करणे हे अभावाला भाव करण्याइतकेच धाडसाचे, हे या दोन निर्णयांच्या शेजारी शेजारी ठेवण्यातून दिसते.

मीमांसेची मदत होते ती इथे. जैमिनीसूत्रांच्या सहाव्या अध्यायात नित्य आणि काम्य कर्मांत एक मोलाचा भेद केला आहे. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले कर्म, सर्व अंगांसह पूर्ण झाले तरच फळ देते. एखादे अंग राहिले तर फळावर हक्क नाही. नित्य कर्म, जसे रोजचे अग्निहोत्र, मात्र यथाशक्ती केले तरी चालते, कारण ते न करणे हाच दोष असतो आणि काही अंगे सुटली म्हणून सगळेच सोडणे अधिक वाईट. त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की काम्य कर्म एकदा आरंभले की इच्छा मावळली किंवा फळ मध्येच हाती आले तरी ते तडीस नेले पाहिजे. आरंभ हाच बांधून घेतो.

भारतातील 2019–20 ची आय-लीग या कसोटीला लावली तर चित्र बरेच उलगडते. अकरा संघ, 110 सामने. 10 मार्च 2020 रोजी कल्याणी येथे मोहन बागानने ऐझॉलला 1–0 असे हरवले आणि 16 सामन्यांत 39 गुण मिळवून चार सामने राखून विजेतेपद गणिताने निश्चित केले. मागच्या संघाला उरलेले सगळे सामने जिंकूनही तिथवर पोहोचता आले नसते. चार दिवसांनी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रिकाम्या स्टँडसमोर झाला, आणि 15 मार्चला ठरलेली मोहन बागान–ईस्ट बंगाल लढत कधीच झाली नाही. 18 एप्रिलला लीग समितीने मोहन बागानला विजेता ठरवण्याची, उरलेले 28 सामने रद्द करण्याची, कोणालाही पदावनत न करण्याची आणि विजेत्याची सोडून बाकीची बक्षिसाची रक्कम इतर दहा क्लबांत समान वाटण्याची शिफारस केली. या चारही कलमांमागे, कदाचित नकळत, एक शुद्ध तत्त्व आहे: जे खरोखर सिद्ध झाले होते तेवढेच फळ म्हणून दिले गेले आणि जे सिद्ध झाले नव्हते त्यावरून कोणाला काही देण्यात किंवा कोणाकडून काही काढून घेण्यात आले नाही. स्कॉटलंड आणि नेदरलँड्सपेक्षा हा निर्णय विचाराने अधिक नेटका होता, असे म्हणायला हरकत नाही. ‘आरंभ बांधून घेतो’ हा नियम मात्र त्यात मोडला, आणि तो मोडल्याची किंमत विजेत्याला पडली नाही, इतरांना पडली.

जर्मनी आणि इंग्लंड यांनी प्रतिनिधीचा मार्ग घेतला. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्यासारखे दुसरे घ्यावे, तांदूळ नसेल तर नीवार म्हणजे रानटी भात चालेल, असे मीमांसक सांगतात. पण देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही. बुंडेसलीगा 16 मे रोजी प्रेक्षकांविना सुरू झाली, म्योन्शनग्लाडबाखच्या मैदानात पाठीराख्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवण्यात आले, दूरचित्रवाणीवर ध्वनिमुद्रित गजर वाजला, आणि बदली खेळाडूंची संख्या तीनवरून पाच झाली. बदली खेळाडूंबद्दल मीमांसकाची फारशी तक्रार नसती. प्रेक्षक हे मात्र द्रव्य की देवता? खेळाच्या सतरा नियमांत सामन्यासाठी प्रेक्षक आवश्यक मानलेला नाही, त्यामुळे नियमाच्या भाषेत तो अंगच नव्हे. तरीही रिकाम्या मैदानांत यजमान संघांच्या विजयांचे प्रमाण उतरले, म्हणजे निकालावर त्याचा परिणाम होत होता. यावरून पूर्ण झालेल्या लीगही दोन वेगवेगळ्या प्रक्रियांचे जोडकाम होत्या असे म्हणावे लागते, आणि पुठ्ठ्याच्या माणसाने नीवाराची जागा घेतली असे कोणी म्हणू नये.

या सगळ्या वादांत क्लब नावाच्या वस्तूचा विचार फळाच्याच बाजूने झाला: विजेतेपद, बढती, प्रक्षेपणाचे पैसे. क्लबच्या दृष्टीने लीग काम्य आहे तशी नित्यही आहे, आणि हे कोल्हापूरकडे पाहिले की लगेच कळते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तिथल्या संघांची नावे मुळात पेठेतल्या तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचा हंगाम दरवर्षी भरतो तो अमुक चषक मिळेल म्हणून जितका, तितकाच तो भरला नाही तर पेठेला चुकल्यासारखे वाटते म्हणून. अशा संघाला सरासरीने पाचवे की सहावे ठरवले याने फारसे बिघडत नाही. संध्याकाळी सरावाला जायचे नाही, पुढच्या वर्षीच्या वर्गणीसाठी कोणाच्या दारात उभे राहायचे नाही, याने बिघडते. नित्यकर्माचा नियम इथे थेट लागू पडतो, की पूर्ण जमत नसेल तर जमेल तेवढे करावे, आणि टाळेबंदीने नेमके तेही अशक्य केले.

व्यावसायिक क्लबांत ही बाजू वेतनाच्या रूपाने पुढे आली. यज्ञात फळ यजमानाचे आणि ऋत्विजांना दक्षिणा, अशी वाटणी असते. क्लबात पाठीराखे व संस्था यजमान असतील तर खेळाडू, प्रशिक्षक, मैदानाची निगा राखणारे हे ऋत्विज. ईस्ट बंगालच्या तत्कालीन गुंतवणूकदार कंपनीने एप्रिलअखेर अनिवार्य आपत्तीचे कलम पुढे करून करार मुदतीआधी संपवले, आणि खेळाडूंच्या संघटनेने त्याला विरोध केला. याज्ञवल्क्यस्मृती ठेवीच्या प्रकरणात सांगते की राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली तर ठेव सांभाळणाऱ्याकडून ती भरून घेऊ नये. 2020 मध्ये विषाणू हे दैव होते आणि टाळेबंदी हा राजा, त्यामुळे या तरतुदीचा आधार घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु केलेल्या कामाची दक्षिणा ही ठेव नव्हे, आणि मार्चपर्यंतचे काम तर झालेलेच होते. मे महिन्याच्या आरंभी कोलकात्यातील दोन्ही मोठ्या क्लबांचे स्पॅनिश खेळाडू मायदेशाचे विमान गाठण्यासाठी बसने दिल्लीला निघाले.

18 ऑक्टोबर 2020 रोजी कोलकात्यातील एका हॉटेलात आय-लीगचा चषक मोहन बागानच्या स्वाधीन करण्यात आला. तोपर्यंत क्लबचा फुटबॉल विभाग एटीके या क्लबशी एक झाला होता, प्रशिक्षक किबू विकुन्या केरळच्या संघाकडे गेले होते आणि संघातले बरेच खेळाडू पांगले होते, तरी फळ यजमानाचे या न्यायाने त्यात वावगे काही नव्हते. त्या हंगामाच्या गुणतालिकेत मात्र ‘खेळलेले सामने’ या स्तंभातील आकडे सर्व अकरा संघांपुढे सारखे नाहीत, आणि झालेल्या 82 सामन्यांची अकरा संघांत समान विभागणी होणेही शक्य नाही.