भाला आणि साक्ष

प्रभूच्या कुशीत भाला भोसकणारा शिपाई (योहान 19:34) आणि त्याच्या देवपुत्रत्वाची साक्ष देणारा शताधिपती (मार्क 15:39), शास्त्रात दोघेही अनामिक आहेत. आख्यायिकेने त्यांना एक करून 'लाँगिनस' हे नाव दिले. ग्रीक 'लाँखे' म्हणजे भालाच! पुढे, प्रभूच्या रक्ताने त्याच्या डोळ्यांना दृष्टी आली, असेही सांगण्यात आले. 1098 साली अंत्युखियात भाला सापडल्याची घोषणा झाली. रोम, व्हिएन्ना व आर्मेनियातही एकेक पाते जपून ठेवलेले आहे.

मग ही कथा टाकून द्यावी काय? तिला इतिहास म्हणणे सत्याशी प्रतारणा होय. परंतु घाव घालणाऱ्यालाही क्षमा आहे, हे तिचे मर्म शुभवर्तमानाचेच आहे. पाते खरे ठरले तरी त्याने कोणाचे अंतःकरण पालटणार नाही. आपला भाला आज कोणाच्या कुशीत रुतला आहे, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.