गच्चीवरचं ऊन कुणाचं?

आमच्या सोसायटीत बारा घरं. लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांचं सामायिक बिल दर महिन्याला एक भांडण घेऊन यायचं. म्हणून गच्चीवर दहा किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरलं. केंद्राच्या २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८ हजारांचं अनुदान आहे. म्हणजे १ लाख ८० हजार सुटले. उरलेले बारा घरांत सारखे. मी सचिव, आयुष्यभर गणित शिकवलेलं. हिशेब चोख होता.

अडलं तळमजल्यावरच्या अक्कांपाशी. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या, मराठीला तेलुगू हेल. त्या लिफ्टमध्ये पाऊलही ठेवत नाहीत. शिवाय जिथं पॅनेल येणार, तिथंच दर एप्रिलात, चव्वेचाळीस अंशांत, त्यांच्या कुरडया वाळायच्या. म्हटलं, अक्कांची वर्गणी माफ करू. सभेत तसं जाहीरही केलं, जरा ऐटीतच.

अक्का उठल्या. "माफी कशाची सर? मी काय चूक केली?"

त्या रात्री सिद्धरामेश्वर डोक्यात आले. बाराव्या शतकात त्यांनी सोलापुरात तळं बांधलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात शरण संत अल्लमप्रभू त्यांना भेटतात ते कौतुक करायला नव्हे. 'हे मी करतोय' या भावावर बोट ठेवायला. मला प्रभू नेहमी खडूस वाटत आले. तळ्याला पाणी लागलं ना? मग बांधणाऱ्याच्या मनात काय होतं, याच्याशी तहानलेल्याला काय करायचंय?

अजूनही प्रभूंचं म्हणणं पुरतं पटलेलं नाही. पण शरणांनी दान न म्हणता दासोह का म्हटलं, ते त्या सभेत कळलं. दानात देणारा पायरीभर वर चढतो. दासोहात तो दास असतो. आणि मी देत तरी काय होतो? ज्या उन्हावर अक्कांची वीस वर्षांची वहिवाट, तेच काढून घेऊन वर सूट देत होतो.

अक्कांनी पूर्ण वर्गणी भरली. अट एकच: दोन रांगांमध्ये खाटेएवढी जागा मोकळी.

पॅनेलवर धूळ फार बसते आणि नळाला पाणी रोज नसतं, म्हणून पाळीपाळीनं ओल्या फडक्यानं पुसतो. रविवारी माझी पाळी होती. अक्का खाटेशेजारी कावळे हाकत बसलेल्या.

"सर, फडकं तिकडं पिळा," त्या म्हणाल्या. "कुरडया भिजतील."