बोलताना ऐकू येत नाही

पॉलिटेक्निकमध्ये मी 27 वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. वायरलेसचा भाग सुरू करताना दोन मुलांच्या हातात वॉकी-टॉकी द्यायची आणि सांगायची, दोघांनी एकदमच बटण दाबून आपापलं नाव सांगा. तिसरा संच व्हरांड्यातल्या मुलीकडे असायचा. ती आत येऊन म्हणायची, "मॅडम, नुसती खरखर." मग मी त्या दोघांना विचारायची, "तुम्हाला काय ऐकू आलं?" काहीच नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत त्या संचाचे कान बंद असतात. आपलं बोलणं वाया गेलं, हेही त्यांना व्हरांड्यातल्या मुलीनं सांगितल्यावरच कळायचं.

माझी आई चातुर्मासात मौनानं जेवायची. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार सांगितले आहेत. तिथे वाणीचं तप वेगळं आहे आणि मौन मात्र मनाच्या तपात घातलं आहे. हे मला फार वर्षं कोडं वाटायचं. तोंड मिटून बसायचं, तर ते वाणीचं तप का नाही? त्यात मनाचं काय काम? या प्रश्नाशी मला पुन्हा नेऊन बसवलं ते माझ्या विषयानंच.

1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटानं 'अलोहानेट' सुरू केलं. बेटाबेटांवरच्या टर्मिनलांनी एकाच रेडिओ वाहिनीवरून मुख्य संगणकाला निरोप पाठवायचे. नियम साधा होता: मनात येईल तेव्हा पाठवा, पोच आली नाही, तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. थांबायचं किती, ते मात्र ज्याचं त्यानं दैवावर सोडायचं, नाहीतर आदळलेले दोघं पुन्हा एकाच क्षणी आदळतील. व्यवस्था चालली. पण गणित असं निघालं, की या रीतीनं वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त सुमारे 18 टक्केच कामी येते. उरलेला वेळ टकरींत किंवा रिकामा जातो.

आज घराघरांतलं वाय-फाय आधी ऐकतं. हवा मोकळी दिसली तरी लगेच तोंड उघडत नाही. 5 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात साधारण 34 मायक्रोसेकंद शांतता पाहतं, मग 0 ते 15 मधला कुठलाही एक आकडा मनाशी धरून उलटं मोजू लागतं. मध्येच दुसरं कुणी बोललं, तर मोजणी तिथेच थांबते आणि ते संपल्यावर उरलेल्या आकड्यापासून पुढे सुरू होते. थांबणाऱ्याचं थांबणं फुकट जात नाही, हे मला या नियमातलं सर्वांत न्यायाचं कलम वाटतं.

आणि टक्कर झाली तर? पाठवणाऱ्याला ती ऐकूच येत नाही, कारण त्याच्या कानाशी त्याचाच आवाज दूरच्यापेक्षा कोट्यवधी पटींनी मोठा असतो. पोच आली नाही, एवढंच त्याला कळतं. मग चूक कोणाची, हे न शोधता तो स्वतःच्या थांबण्याची मर्यादा दुप्पट करतो: 15 ची 31, मग 63, अशी 1023 पर्यंत. माणसं इथे आवाज दुप्पट करतात.

मीही केला. वडील गेल्यावर गावच्या घराचा प्रश्न निघाला. मी रोज रात्री दादाला फोन करून माझी बाजू मांडायची. तो गप्प राहायचा. मी ते हट्ट समजले आणि आणखी जोरात बोलले. पुष्कळ दिवसांनी कळलं, की त्याच वेळी तिकडे वहिनीही त्याच्याशी बोलत असायची. वडिलांचं आजारपण तिनं काढलं होतं. मला ती ऐकू येत नव्हती, तिला मी नव्हते आणि मधल्या दादाच्या कानात दोघींची मिळून खरखर होत होती.

याला आम्ही 'हिडन टर्मिनल' म्हणतो. ज्याच्याशी बोलायचं, त्याच्या पलीकडेही कुणी असतं आणि त्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे मला शांतता ऐकू येते याचा अर्थ शांतता आहे, असा होत नाही. यावरचा उपाय असा: आधी छोटा निरोप पाठवून विचारायचं, "बोलू का?" ऐकणाऱ्यानं "बोल" म्हटलं, की ते पलीकडच्यालाही ऐकू जातं आणि तो तेवढा वेळ गप्प राहतो.

कुणी म्हणेल, चिप थांबते ते तिला तसं घडवलं म्हणून. यात तप कसलं? खरं आहे. यंत्राला मोह नाही, म्हणून त्याला पुण्यही नाही. पण यंत्र घडवणारी माणसंच असतात. एखाद्यानं आपल्या उपकरणाचं थांबणं गुपचूप कमी केलं, तर त्याला वाट्यापेक्षा जास्त हवा मिळते, ती इतर जण नियम पाळतात म्हणूनच. सगळ्यांनीच तसं केलं, तर कुणाचाच निरोप पोचणार नाही. हवेत पोलीस नसतो. सगळ्यांना धरून ठेवतो तो धर्म, हे मला त्या मोजणीत जितकं स्वच्छ दिसलं, तितकं प्रवचनात दिसलं नव्हतं.

मौन मनाच्या तपात का, तेही आता कळतं. तोंड मिटणं सोपं आहे. मला ऐकू न येणारं कुणीतरी बोलत असेल, हे मनाला पटवणं अवघड. आई मौनानं जेवायची तेव्हा कुणाच्या ताटातला भात संपला, हे न सांगता तिला दिसायचं. तिचं मन आमच्या ताटांकडे असायचं.

एका रात्री मी फोन न करता दादाला निरोप पाठवला, "आत्ता बोलू का?" उत्तर आलं, "थोड्या वेळानं. हिचं चाललंय." मी थांबले. अर्ध्या तासानं त्याचाच फोन आला. "हं, बोल." मी म्हटलं, "आधी वहिनीकडे दे."